डाग म्हणजे भाजल्याची खूण, मग हा थंड कसा?

प्रश्न आला आहे : सूर्यावर दिसणाऱ्या काळ्या डागांना 'सौरडाग' म्हणावं की 'सौरकलंक'?

सौरडाग. कलंक चंद्राकडेच राहू द्या. तो गंजाचा, किटाचाही शब्द. तांब्याच्या भांड्यात दही कळकतं ते त्याच्यामुळेच. गंज चिकटून बसतो; सूर्यावरचे डाग मात्र काही दिवसांत, फार तर काही महिन्यांत, विरून जातात.

बातम्यांत मात्र 'सौरडाग पृथ्वीवर आदळणार' असं सर्रास ऐकू येतं. अहो, सदऱ्यावरचा डाग उडून शेजाऱ्याला लागतो का? डाग जागेवरच राहतो. आदळतो तो त्याच्या आसपासच्या पिळवटलेल्या चुंबकीय क्षेत्रातून उसळलेला विद्युतभारित वायू. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडात कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने डागांच्या घोळक्यावर लखलखाट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकमापकांवरची नोंद पार ढासळली. डाग मात्र सूर्यावरच होते!

असो. खरी गंमत 'डाग' या शब्दात आहे. कोशकार 'फारसी दाग' एवढं लिहून हात झटकतात. पण त्या दागाचं मूळ कोणी सांगायचं? त्याचा अर्थच भाजल्याची खूण, आणि तो आपल्या दाह, दग्ध, निदाघ यांचा इराणी चुलतभाऊ. शिवाय मराठीतला 'ड' फारसीने दिलेला नाही. दंशापासून 'डसणे' झालं, तसं प्राकृतात 'दहइ'चं (म्हणजे 'जाळतो'चं) 'डहइ' झालेलं आहेच. म्हणून माझं ठाम मत : शब्द पाहुणा असेल, पण त्याला 'ड' लावला तो घरच्यांनी. गुरांना डागतात, तोफ डागतात; सगळीकडे आग आहेच.

आणि सूर्यावर? तिथे डाग म्हणजे सगळ्यांत कमी तापलेली जागा! पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सियस, तर डागाचा गाभा ३,५००च्या आसपास. तिथलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या हजारो पट (डागांत असं क्षेत्र असतं हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेल यांनी १९०८मध्ये दाखवलं). ते खालून उकळत वर येणारा वायू अडवतं, उष्णता पोचत नाही, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. आगीचा शब्द नेमका गारठ्याला चिकटला.

आगीचा वास नसलेला जुना शब्द हवाच असेल, तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सूर्यबिंबावर दिसणारे 'तामसकीलक' आहेत, राहूचे तेहतीस पुत्र. अंधाराच्या खुंट्या! बरेच अभ्यासक त्यांना सौरडागच मानतात. वर्तमानपत्रात छापून बघा कोणी.