सिव्हिलचं ‘८७ टक्के प्लेसमेंट’ कशाला भागून येतं?

इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्या जवळ आल्या की सिव्हिलबद्दलच्या प्रश्नांचा ओघ वाढतो. या वेळी बरेचसे प्रश्न दोनच गोष्टींभोवती आहेत: कॉलेज सांगतं ते प्लेसमेंट खरं किती, आणि तिथं शिकणारी मुलं खरोखर समाधानी आहेत का. त्यातले सहा प्रश्न घेतले आहेत.

मुलीला सिव्हिलच घ्यायचं आहे. एका खासगी कॉलेजच्या माहितीपत्रकात सिव्हिलचं प्लेसमेंट ८७ टक्के आणि सरासरी पॅकेज ४.६ लाख असं छापलंय. विश्वास ठेवावा का? – एक पालक, बार्शी

आकडा खोटाच असेल असं नाही. पण तो कशाला भागून आला हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

समजा, शेवटच्या वर्षाला सिव्हिलचे ६० विद्यार्थी आहेत. कंपन्यांची अट असते की बॅकलॉग नको, शिवाय दहावीपासून ६० टक्के हवेत. त्या चाळणीतून ३२ जण राहिले आणि त्यातल्या २८ जणांना नोकरीचं पत्र मिळालं. २८ भागिले ३२, म्हणजे ८७.५ टक्के. हाच आकडा छापला जातो. तीच संख्या ६० ने भागली तर ४७ टक्क्यांच्या आत येते. आता त्या २८ पैकी ११ जण सॉफ्टवेअर कंपनीत गेले असतील, तर सिव्हिलच्या कामात गेलेले १७. साठातले सतरा म्हणजे २८ टक्के. तिन्ही आकडे एकाच वर्गाचे आहेत आणि तिन्ही खरे आहेत.

सरासरी पॅकेजचंही तसंच. पाच जणांचे पगार २.४, २.६, ३, ३.२ आणि १२ लाख असतील तर सरासरी ४.६४ लाख येते, पण मधला माणूस ३ लाखांवरच असतो. म्हणून सरासरी विचारू नका, मध्यक विचारा. ‘किती ऑफर आल्या’ हेही विचारू नका, कारण एकाच मुलाच्या तीन ऑफर तीन धरल्या जातात. ‘किती विद्यार्थी प्रत्यक्ष रुजू झाले’ हे विचारा.

पडताळणीसाठी दोन कागद उपयोगी पडतात. पहिला, एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला) कॉलेजनं दिलेली माहिती. भाग घेणाऱ्या संस्थांना ही पीडीएफ स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळवलेले, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि मध्यक पगार असे रकाने असतात. प्रवेश घेतलेले आणि वेळेत पदवी घेतलेले या दोन आकड्यांमधलं अंतर बघा. निम्मा वर्ग मागे राहत असेल तर पुढचं प्लेसमेंट उरलेल्या निम्म्याचंच आहे. मात्र ही पीडीएफ सगळ्या शाखांची एकत्र असते. कॉम्प्युटरच्या पोरांचा पगार त्यात सिव्हिलच्या पोरांना उचलून धरतो.

शाखेपुरतं बघायचं तर दुसरा कागद, एनबीएसाठीचा (तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळासाठीचा) स्वयंमूल्यमापन अहवाल. एनबीए मान्यता शाखेला देते, कॉलेजला नाही. त्या अहवालात नोकरी लागलेले, पात्रता परीक्षेच्या गुणांवर उच्च शिक्षणाला गेलेले आणि स्वतःचा व्यवसाय सुरू केलेले यांची बेरीज करून तिला शेवटच्या वर्षाच्या एकूण विद्यार्थ्यांनी भागतात. छेद पूर्ण वर्गाचा, म्हणून हा हिशोब जास्त प्रामाणिक. सिव्हिल विभागप्रमुखांकडे गेल्या तीन वर्षांचा हा तक्ता मागा. जोडीला कंपनीचं नाव, पद आणि रुजू झाल्याची तारीख अशी यादी मागा. विद्यार्थ्यांची नावं झाकून दिली तरी चालेल.

कॉलेज बघायला जाणार आहोत. इमारत, वायफाय, हॉस्टेल हे सगळे दाखवतातच. सिव्हिलसाठी आम्ही नेमकं काय बघायचं? – एक पालक, परभणी

इमारत बाजूला ठेवा आणि तीन ठिकाणी उभे राहा.

पहिलं, काँक्रीटची प्रयोगशाळा. क्युअरिंगच्या टाकीत (काँक्रीट पाण्यात ठेवून पक्कं करायच्या टाकीत) डोकावा. टाकीत पाणी आणि पाण्यात क्यूब (चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे) असायला हवेत, क्यूबवर तारीख आणि ग्रेड लिहिलेली हवी. टाकी कोरडी आणि तळाशी जुने पिवळे पडलेले ठोकळे असतील तर तिथं काँक्रीट फळ्यावरच ओतलं जातं. शेजारच्या कम्प्रेशन टेस्टिंग मशीनवर (क्यूब दाबून फोडायच्या यंत्रावर) कॅलिब्रेशनचं स्टिकर बघा. वर्षाच्या आतलं असावं.

मग तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारा, ‘क्यूब कसा फोडता?’ १५० मि.मी.च्या क्यूबच्या एका बाजूचं क्षेत्रफळ २२,५०० चौ. मि.मी. भार दर मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौ. मि.मी. या गतीनं वाढवायचा, म्हणजे मिनिटाला ३१५ किलोन्यूटन. एम २५ चा (२५ न्यूटन प्रति चौ. मि.मी. ताकदीच्या काँक्रीटचा) क्यूब बरोबर २५ ला फुटला तर काटा ५६२ किलोन्यूटनच्या आसपास असतो आणि पावणेदोन मिनिटं लागलेली असतात. वीस सेकंदांत फोडला तर ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. क्यूब आडवा ठेवायचा, ओतताना थापीनं घोटलेली बाजू प्लेटखाली आणायची नाही. हे त्यानं न अडखळता सांगितलं तर त्यानं स्वतः फोडलेले आहेत. ‘लॅब असिस्टंट करून दाखवतात’ असं उत्तर आलं तर तेही ध्यानात ठेवा.

दुसरं, सर्व्हेची खोली. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारी यंत्रं) किती आहेत यापेक्षा चालू ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणी) किती, हे जास्त महत्त्वाचं. वीस जणांच्या बॅचला चार-पाच लेव्हल असतील तर प्रत्येकाचा डोळा दुर्बिणीला लागतो. एकच असेल तर दोघं काम करतात, बाकीचे सावलीत उभे राहतात आणि संध्याकाळी रीडिंग उतरवून घेतात. एखादं फील्ड बुक मागून चाळा. बॅकसाइटची (दुर्बीण लावल्यावरच्या पहिल्या रीडिंगची) बेरीज वजा फोरसाइटची (हलवण्याआधीच्या शेवटच्या रीडिंगची) बेरीज, आणि शेवटची आरएल (बिंदूची उंची) वजा पहिली आरएल, हे दोन्ही आकडे जुळायला हवेत. खरं फील्ड बुक मळकं असतं, त्यात रीडिंग खोडून पुन्हा घेतलेली दिसतात. पंधरा पानं एकाच शाईत, एकही खोड नाही, असं पुस्तक बहुधा शेजाऱ्याचं बघून लिहिलेलं असतं.

तिसरं, कँटीन. तिथं शेवटच्या वर्षाच्या मुलांना तीनच प्रश्न विचारा. सर्व्हे कॅम्प किती दिवसांचा झाला? इंटर्नशिप साइटवर केली की सर्टिफिकेट आणलं? एस्टिमेटिंग आणि आरसीसी शिकवणारे सर मध्येच सोडून गेले का? खासगी कॉलेजांत मुलांची नाराजी बहुधा या तिसऱ्या प्रश्नापाशी सापडते. सत्राच्या मध्यात शिक्षक बदलला की डिझाइनचा धागा तुटतो आणि मुलं पुढं गाइडवर पास होतात.

नॅकचा (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा) ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ फॉर्म ई-मेलवर आलाय. वर्गशिक्षक म्हणतात, सगळीकडे पैकीच्या पैकी द्या, कॉलेजची ग्रेड वाढेल. काय करू? – द्वितीय वर्ष सिव्हिल, नांदेड

खरं भरा. या फॉर्ममध्ये एकवीस प्रश्न आहेत, वीस पर्यायांचे आणि एक मोकळा. पहिलाच प्रश्न आहे: अभ्यासक्रम वर्गात किती शिकवून झाला? ८५ ते १०० टक्के झाला तर ४ गुण, ३० टक्क्यांच्या खाली असेल तर ०. डोळे मिटून सगळीकडे ४ दिलेल्या फॉर्ममधून कुणालाच काही कळत नाही, तुमच्या विभागालासुद्धा नाही.

शेवटचा मोकळा प्रश्न सुधारणा सुचवण्यासाठी असतो. तिथं ‘सोयी वाढवा’ लिहू नका. ‘ट्रायअॅक्सियल मशीन बंद आहे, माती विषयाची दोन प्रॅक्टिकल फक्त जर्नलमध्ये झाली’ असं लिहा. नेमकी तक्रार दुर्लक्षित करणं अवघड जातं.

आणि प्रवेश घेणाऱ्यांनी कॉलेजच्या संकेतस्थळावरचा या सर्वेक्षणाचा अहवाल वाचताना एवढंच लक्षात ठेवावं की तो संपूर्ण कॉलेजचा असतो. त्यातून सिव्हिल विभाग वेगळा काढता येत नाही.

दोन ऑफर आहेत. एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर, महिना १८ हजार. दुसरी आयटीतली, महिना २७ हजार. घरचे म्हणतात दोन्ही सोड आणि एमपीएससी कर. – अंतिम वर्ष, इचलकरंजी

सिव्हिलचा पहिला पगार कमी असतो, हे मान्य करूनच पुढचं बोलू. पण या शाखेत पहिल्या पगारापेक्षा पहिल्या दीड वर्षात हाताखालून काय गेलं यावर पुढची उडी ठरते. म्हणून ठेकेदाराला हे विचारा: नेमणूकपत्र लेखी मिळेल का? पीएफ कापणार का? राहायची सोय कुणाची? काम कोणतं?

पीएफ फुटकळ वाटतो, पण पुढची मोठी कंपनी तुमचा अनुभव अनेकदा त्याच नोंदीवरून तपासते. रोखीनं पगार घेऊन केलेली दोन वर्षं कागदावर शून्य ठरू शकतात.

कामाचं म्हणाल तर, फक्त लेबरची हजेरी आणि सिमेंटच्या गोण्यांची चलनं सांभाळायची असतील तर सहा महिन्यांत बाहेर पडा. लाइनआउट (जागेवर आखणी), बार बेंडिंग शेड्यूल (सळयांच्या लांबी-वजनाचा तक्ता), मेझरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मापांची वही) आणि आरए बिल (चालू कामाचं बिल) हातात येणार असतील तर १८ हजार वाईट नाहीत. एक साधी परीक्षा घ्या स्वतःची. १२ मि.मी. सळईचं मीटरचं वजन? व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. शेड्यूलवरून निघालेलं स्टील आणि स्टोअरमधून गेलेलं स्टील यांचा ताळा तुम्हाला दर महिन्याला मांडता आला, आणि फरक कशामुळे पडला हे सांगता आलं (तुकडे, वाढीव लॅप, चुकीची कटिंग लांबी, की चोरी), तर बिलिंग इंजिनिअर म्हणून तुम्हाला मागणी आहे. असं काम येणारी माणसं साइटवर कायम कमी असतात.

आयटीत जाण्यात कमीपणा काही नाही. फक्त दोन वर्षांनी परत सिव्हिलमध्ये येऊ, हा विचार मनात धरून जाऊ नका. परतणाऱ्याला बहुतेक ठिकाणी फ्रेशरच धरतात.

परीक्षांचं म्हणाल तर ‘फक्त एमपीएससी’ असं एकाच दोरीला लटकू नका. जाहिरात कधी येईल हे तुमच्या हातात नसतं. गेट (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा) दर वर्षी होते, ६५ प्रश्न, १०० गुण, आणि गुण तीन वर्षं चालतात. त्यावर एम.टेक.ला प्रवेश मिळतो, एआयसीटीईची महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्तीही मिळू शकते. तोच तांत्रिक अभ्यास यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेला आणि एसएससीच्या कनिष्ठ अभियंता परीक्षेलाही लागतो. घरच्यांना वर्षाची मुदत सांगा, तारीख घालून. मुदत न ठरवता पेठेत खोली घेऊन बसलेल्या मुलांची तीन-चार वर्षं बघता बघता जातात.

डिप्लोमा ७८ टक्क्यांनी झाला. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला तर मागे पडेन का? – जळगाव

साइटच्या विषयांत नाही, गणितात पडाल. बारावीची आणि पहिल्या वर्षाची गणितं तुमची राहिलेली असतात. प्रवेशाआधीच्या सुट्टीत इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स एवढं उरका. स्ट्रक्चरल ॲनालिसिस आणि फ्लुइड मेकॅनिक्स दोन्ही त्यावरच उभे आहेत. सर्व्हे आणि ड्रॉइंगमध्ये तुम्ही बारावीहून आलेल्यांच्या पुढेच असाल.

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या सिव्हिल एमएस्सीला प्रवेश मिळतोय. ‘विद्यार्थी समाधान ९४ टक्के, १५ महिन्यांत ९६ टक्के कामाला’ अशी जाहिरात आहे. कर्ज काढावं का? – पुणे

हे दोन्ही आकडे आधी कोणाचे आहेत ते बघा. समाधानाचा आकडा तिथल्या नॅशनल स्टुडंट सर्व्हेचा असेल, तर तो पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचा आहे, एमएस्सीचा नाही. एखाद्या अभ्यासक्रमाचा निकाल वेगळा दाखवायला निदान १० जणांनी आणि निम्म्या वर्गानं उत्तर दिलेलं असावं लागतं. नसेल तर दोन वर्षांचे किंवा जवळच्या विषयांचे आकडे एकत्र करून दाखवतात. डिस्कव्हर युनी या सरकारी संकेतस्थळावर ते तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

पंधरा महिन्यांचा आकडा ग्रॅज्युएट आउटकम्स (पदवीनंतर काय करता, हे विचारणाऱ्या) सर्वेक्षणाचा. ‘काम किंवा पुढचं शिक्षण’ यात कुठलंही काम धरलं जातं, म्हणून ‘उच्च कौशल्याचं काम’ हा वेगळा रकाना शोधा. करनोंदींवरून काढलेले पगाराचे आकडे तर यूकेच्याच रहिवासी पदवीधरांचे असतात. व्हिसा घेऊन नोकरी शोधणाऱ्याची अडचण त्यात उमटत नाही.

विद्यापीठाला दोन प्रश्न ई-मेलनं विचारा. पहिला: या एमएस्सीला जॉइंट बोर्ड ऑफ मॉडरेटर्सची (सिव्हिलचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या तिथल्या मंडळाची) मान्यता आहे का, आणि कोणत्या वर्षाच्या प्रवेशापर्यंत? तिथं चार्टर्ड इंजिनिअर (नोंदणीकृत व्यावसायिक इंजिनिअर) व्हायचं तर शैक्षणिक पाया हाच. पण एमएस्सी मान्यताप्राप्त असली तरी मूळ पदवीही तपासली जाते. तुमची बी.ई. एनबीएच्या टिअर-१ मान्यतेखालची असेल तर वॉशिंग्टन कराराचा (सदस्य देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानण्याच्या कराराचा) आधार मिळतो. भारत त्यात २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे. टिअर-२ मान्यतेला तो आधार नाही, आणि विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नसलेली कॉलेजं टिअर-२ मध्येच मोडतात. मग वैयक्तिक मूल्यमापन करून घ्यावं लागतं. कॉलेजकडून पत्र घ्या, त्यात टिअर आणि मान्यतेची वर्षं लिहिलेली असू द्या.

दुसरा प्रश्न: मागच्या वर्षी या एमएस्सीला आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी किती जणांना सिव्हिलच्या कामासाठी व्हिसाची प्रायोजक कंपनी मिळाली? उत्तरात संख्या आली तर तिच्यावर कर्जाचा हप्ता मांडून बघा. उत्तरात फक्त माहितीपत्रक आलं तर सध्या कर्जाच्या अर्जावर सही करू नका.