आईच्या फोनवर यूपीआय सुरू करून द्यावं का?

प्रश्न : आई 71 वर्षांची, मिरजेत एकटी राहते. भाजीवाली, रिक्षावाले, सगळेच "सुट्टे नाहीत, स्कॅन करा" म्हणतात. मग आई भाजीवालीच्या कोडचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि मी पुण्यात ऑफिसात बसून चाळीस रुपये भरते. भाऊ म्हणतो, तिच्याच फोनवर यूपीआय सुरू करून दे. मला फसवणुकीची धास्ती वाटते. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : भावाचं ऐका. मी बँकेत काउंटरला होते, तेव्हा पितळी टोकन मुठीत धरून बायका बाकड्यावर बसलेल्या असायच्या. चेकवर सही नवऱ्याची. आज मेथीच्या जुडीला पुण्याहून मंजुरी लागते, हे मला त्यातलंच वाटतं. (माझं मत जरा तिखट आहे, चालवून घ्या.)

धास्ती मात्र खोटी नाही. म्हणून पेन्शनच्या खात्याला हात लावू नका. आईच्या नावाचं दुसरं बचत खातं उघडा, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा आणि यूपीआय फक्त त्याला जोडा. खात्याला नंबर आईचाच द्या. पुष्कळ घरांत आईवडिलांच्या खात्याला मुलाचा नंबर असतो, आणि मग त्यांच्या फोनवर यूपीआय सुरूच होत नाही. खात्याला दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं.

पुढे यूपीआय लाइट, म्हणजे त्याच अ‍ॅपमधलं छोट्या खर्चाचं पाकीट, चालू करा. त्यात जास्तीत जास्त 5000 रुपये ठेवता येतात आणि एका वेळी 1000 पर्यंत पिन न टाकता देता येतात. भाजीवालीसमोर चष्मा शोधत चार आकडे दाबायला नकोत. पण पिन लागत नाही, म्हणून फोनला लॉक हवंच.

यूपीआय सर्कल नावाचीही एक सोय आहे : खातं तुमचं, खर्च आईचा, मर्यादा तुम्ही ठरवायची. कॉलेजातल्या पोराला ठीक आहे. आईला नको. पाव किलो पेढे आणले तरी तुम्हाला कळणार, मग ती पेढेच आणणार नाही.

शिकवताना, लाइट चालू करण्याआधीच, तिच्याकडून तुम्हाला एक रुपया पाठवून घ्या, मग तुम्ही तिला पाठवा. आपल्याकडून पैसे जाताना पिन विचारला, येताना कुणी काही विचारलं नाही, हे तिचं तिलाच दिसेल. "पैसे जमा करतो, पिन टाका" म्हणणारा चोर, हे मग वेगळं पटवावं लागत नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्यायचा, त्यात उद्धटपणा नाही, हेही सांगा. आमच्या पिढीला ते जड जातं.

तरीही पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. जितका उशीर, तितके पैसे अडवणं कठीण. हा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. फोनमध्ये सेव्ह करून ठेवला तर घाबरलेल्या वेळी तिला सापडायचा नाही.