वारली मोटिफ पहिल्यांदाच डिझाईनमध्ये घेताय? आधी एवढं बघा

आयडिया छान आहे, बिनधास्त करा. फक्त सुरुवातीला हमखास होणारा घोळ म्हणजे तयार वेक्टर पॅक (कॉम्प्युटरवरच्या आयत्या चित्रांचा संच) उचलायचा आणि ती नाचणारी माणसं कुठेही चिकटवायची, अगदी बिलाच्या कोपऱ्यात सुद्धा. तसं नका करू.

आधी मूळ चित्रं बघा, निदान वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री २०११) यांची तरी, आणि नुसती बघू नका, हाताने काढा. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, सगळी हालचाल त्या कमरेच्या सांध्यात असते, वरचा त्रिकोण जरासा कलला की माणूस वाकतो. कॉम्प्युटरवर सगळं एकसारखं सिमेट्रिक केलं की जीवच जातो त्यातला. तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाचातली रांग पण तशीच, ती तारपावाल्याभोवती गुंडाळत जाते, तिचा बंद गोल करून टाकू नका.

बाकी थोडक्यात:
- रंग दोनच. गेरू आणि पांढरा.
- एका डिझाईनमध्ये एकच परंपरा. वारली, पैठणीचा मोर आणि वर मोडी लिपी असं कोंबलं की नुसती मिसळ होते
- चौक हे लग्नात काढायचं पालघाट देवीचं चित्र आहे, ते पायपुसण्यावर नको राव!

आणि पैशाचं काम असेल तर डहाणू-पालघरकडच्या वारली चित्रकारालाच सोबत घ्या, मानधन द्या, नाव छापा. वारलीला जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) आहे. पॅटर्न रिपीट, लोगो वगैरे नंतर, आधी एक साधं पोस्टर होऊ दे.