पहिलीची मुलं विनोदी कवितेला हसत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कविता वाचून दाखवली, अर्थ समजावला, तरी वर्ग ढिम्म. अहो, अर्थ समजावला तिथेच घोटाळा झाला. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली दोन वर्षं हेच करत होते. कविता संपली की लगेच 'यातून काय शिकलात?' विचारायचं. पोरं हाताची घडी घालून गप्प.

'ये रे ये रे पावसा' आठवा. पावसाला पैसा द्यायचा, तो खोटा निघतो आणि तरी पाऊस येतोच, तोही मोठा! पावसाला चक्क गंडवलंय. हे कुणी समजावून सांगितलं असतं, तर पिढ्यान्‌पिढ्या पोरं ते ओरडत फिरली असती का?

आता मी एवढंच करते. तोंड गंभीर ठेवून म्हणते आणि यमकाचा शब्द गिळते. एकदा स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी म्हटल्या:

बेडकाला झाली सर्दी फार,
शिंकला आणि पडला…

'गार', 'ठार' असे आवाज आले. मागून एक बारीक आवाज आला, 'गटार!' ही मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली, मार्चअखेर परत आलेली. तोवर वर्गात तिनं तोंड उघडलं नव्हतं. व्याकरण गेलं खड्ड्यात, मी फळ्यावर 'गटार' लिहिलं. पाच मिनिटं वर्ग आवरेना. शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. तेवढं सोसायची तयारी ठेवा.

तयार कविता हव्या असतील तर विंदा करंदीकरांच्या बालकविता घ्या. २००३ चं ज्ञानपीठ मिळालेला हा कवी लहान मुलांसाठी लिहिताना अशक्यातली अशक्य गोष्ट सरळ चेहऱ्यानं सांगतो. तुम्हीही तशीच वाचा. 'किती गंमत आहे ना!' असं मध्येच म्हणू नका. आणि एकच कविता आठवडाभर म्हणा. पहिल्या दिवशी मुलं नुसती ऐकतात. हसू बहुतेक तिसऱ्या दिवशी येतं, पुढं काय येणार ते ठाऊक झाल्यावर.

एक चूक मात्र करू नका, मी केलीय. लठ्ठ शेटजींची कविता घेतली आणि दुसऱ्या ओळीला सगळा वर्ग एका मुलाकडे वळून बघायला लागला. तोही हसला, पण मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसला. तेव्हापासून माणसाच्या अंगावरची, रंगावरची, बोलण्यावरची कविता मी वर्गात आणत नाही. बेडूक, म्हैस, बटाटा यांची हवी तेवढी थट्टा करते.

बाकी, त्या बेडकाचं पुढं काय झालं? दुसऱ्या दिवशी हजेरी घेत होते, तेवढ्यात तीच मुलगी टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाई, त्याला आज गटारातून काढायचं का?"