भारत-ऑस्ट्रेलिया मैत्रीचा शिरोलीच्या (कोल्हापूर) फौंड्रीला नेमका काय फायदा?

फायदा आहे, पण आपोआप मिळत नाही. दोन करार वेगळे धरा. जून 2020 चा करार लष्करी आहे: एकमेकांच्या तळांवर इंधन, दुरुस्ती, रसद. त्यातून कास्टिंगची (ओतीव भागांची) ऑर्डर येत नाही.

तुमच्या कामाचा तो 29 डिसेंबर 2022 पासून लागू झालेला व्यापार करार. ऑस्ट्रेलियातली साधारण 5% आयात ड्युटी त्याने शून्यावर येते, पण माल भारतीय मूळचा ठरला तरच. सर्वसाधारण नियमात आयात कच्च्या मालाचा एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या वर्गीकरणाचा आकडा) तयार मालात सहा अंकी पातळीवर बदलावा लागतो आणि बिल्ड-अप पद्धतीने, म्हणजे इथला माल, मजुरी, खर्च यांची बेरीज करून, किमान 35% मूल्य इथले लागते. स्क्रॅप वितळवून ओतलेलं कास्टिंग कोडची अट सहज पार करतं. आयात केलेला तयार भाग फक्त रंगवून पॅक केला, तर नाही.

घोळ बहुधा कोडवर होतो. कच्चं कास्टिंग 7325 मध्ये, पण मशिनिंग केलेला व्हॉल्व्हचा भाग 8481.90 मध्ये. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या ग्राहकाकडून कोड आधी लेखी घ्या. मगच डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा (माल भारतीय मूळचा असल्याच्या दाखल्याचा) अर्ज करा, तोही कंटेनर निघण्यापूर्वी. कॉस्ट शीट आणि कच्च्या मालाची बिलं जपून ठेवा, पडताळणीत तीच मागतात.