एकादशीचा उपवास आणि शुगरची गोळी

प्रश्न: सासूबाईंना डायबेटिस आहे, सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतात. एकादशीला दुपारपर्यंत काही खात नाहीत, मग थेट साबुदाण्याची खिचडी. गेल्या वेळी अकराच्या सुमारास घाम फुटला, हात थरथरले. उपवास बंदच करायचा का?

उत्तर: ताई, ही शुगर खाली गेल्याचीच लक्षणं वाटतात, अंगावर काढू नका. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो इन्सुलिन वाढवतंच, म्हणून उपाशीपोटी ती गोळी धोक्याची, नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. त्यामुळे त्या दिवशीचा डोस आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, मनाने बंद करू नका. परत असं झालं तर ग्लुकोमीटरवर बघा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मीटर नसलं तरी साखर द्याच, उपवास मोडला तर मोडू दे, विठोबा रागावत नाही! शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शुगर झपकन वर जाते. डॉक्टर उपवासाला हो म्हणाले तर सकाळपासूनच थोडंथोडं खाऊ दे त्यांना, राजगिऱ्याची छोटी भाकरी, दही, काकडी, मूठभर शेंगदाणे.