घरातल्या सगळ्यांनी मिळून उद्दिष्टं ठरवायला कोणती हस्तकला करावी?

कागदाचं झाड करा. ए२ आकाराच्या जाड कार्डशीटवर (४२ × ५९.४ सेंमी) खोड आणि तीन-चारच फांद्या चिकटवा. एक फांदी म्हणजे सगळ्यांचं मिळून एक उद्दिष्ट. फांद्या वाढल्या की एकही धड पूर्ण होत नाही.

एक पान म्हणजे त्या उद्दिष्टासाठी करायचं एक काम. पानं साधारण ६ × ९ सेंमीची कापा. त्याहून लहान पानावर मुलांचं अक्षर मावत नाही. खोडाला ग्लू स्टिक वापरा, पातळ गोंदाने कागद सुरकुततो. पानं मात्र चिकटवू नका, मास्किंग टेपने लावा. ती पुढे काढायची, बदलायची असतात.

खरी मेहनत पानावरच्या वाक्याची. ‘जास्त वाचायचं’ लिहिलं तर ते झालं की नाही, कुणालाच कळत नाही. ‘रोज जेवणानंतर १५ मिनिटं मोठ्याने वाचन’ असं लिहा. आधी प्रत्येकाने बोलणं टाळून आपापली २ पानं लिहावीत, मग सगळी टेबलावर पसरून एकसारखी एकत्र करावीत आणि एकेक गट एकेका फांदीवर लावावा. मोठे आधी बोलले की मुलं तेच उतरवतात, आणि ते झाड मग त्यांचं राहत नाही. लिहिता न येणाऱ्याने चित्र काढावं.

दर रविवारी १० मिनिटं झाडासमोर बसा. झालेल्या पानाच्या जागी लाल फळ लावा. तीन आठवडे तसंच राहिलेलं पान काढून त्यावरचं काम निम्मं करा.